डॉक्टर नसतानाही सार्वजनिक आरोग्यात काम करता येते

सप्रेम नमस्कार.

आपली कन्या नाशिकमध्ये मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करायचे आहे, परंतु वैद्यकीय पदवी नसताना तेथे तिला कोण विचारणार, अशी चिंता आपण पत्रात व्यक्त केली आहे.

या क्षेत्राला मानसशास्त्राची गरज फार पूर्वीच भासली. 1950च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगासाठी मोफत एक्स-रे तपासणी उपलब्ध असूनही लोक पुरेशा संख्येने येत नव्हते, आणि त्याचे कारण शोधण्याचे काम तेथील सरकारी आरोग्य सेवेतील सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी केले. आपल्या जिल्ह्यातही 2022 मध्ये मालेगावात गोवराची साथ आली, तेव्हा लस उपलब्ध असूनही अनेक मुले लसीकरणावाचून राहिलेली होती. पालक का थांबतात, कोणाचे ऐकतात, हे घरोघरी जाऊन शिस्तीने समजून घेणारी माणसे अशा वेळी लागतात.

अशा अभ्यासातून धोरणही घडते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांची घरी काळजी घेण्याची पद्धत उभी केली. तिचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि 2011 पासून आशा कार्यकर्तींमार्फत ती देशभर राबवली जाऊ लागली. संशोधनातून धोरणापर्यंत पोहोचायला बारा वर्षे लागली, हेही आपल्या कन्येने आजच लक्षात घ्यावे.

संधी वाढत आहेत, हे मी विश्वासाने सांगतो. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमात जिल्हा पातळीवर समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ते नेमण्याची तरतूद आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियान, स्वयंसेवी संस्था आणि संशोधन प्रकल्प यांनाही अशी माणसे हवी असतात. मात्र सुरुवातीच्या बहुतेक नेमणुका कंत्राटी असतात, त्यामुळे पहिली काही वर्षे उत्पन्न अनिश्चित राहील, याची कुटुंबाने तयारी ठेवावी.

पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, तसेच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करणारी देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या प्रवेशाच्या अटी पाहाव्यात. त्याआधी तिने संख्याशास्त्राची भीती घालवावी, कारण मुलाखती उत्तम घेणारे पण आकडे वाचता न येणारे उमेदवार येथे मागे पडतात. परीक्षा संपताच पेठ किंवा सुरगाणा तालुक्यात काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत दोन-तीन महिने सर्वेक्षणाचे काम तिने मागून घ्यावे आणि अर्ज त्यानंतरच भरावा.