एच-१बी व्हिसावर असताना न्यू जर्सीत मेडिकल मारिजुआना कार्ड काढावे का?

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही न्यू जर्सीत एच-१बी व्हिसावर आहात, ग्रीन कार्डचा अर्ज अडकून पडला आहे, कंबरेच्या जुन्या दुखण्याने हैराण झाला आहात, आणि राज्याचीच परवानगी असेल तर मेडिकल मारिजुआनाचे, म्हणजे औषधी गांजाचे, कार्ड काढायला हरकत काय, असा तुमचा प्रश्न आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे. इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलल्याखेरीज हे कार्ड काढू नका आणि कार्डाशिवाय दुकानातून मालही आणू नका. हाच प्रश्न २०१९ साली आमच्या घरात उभा राहिला होता आणि तेव्हा घेतलेल्या निर्णयाबद्दल मला आजही बोल लावला जातो, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

त्या वर्षी माझ्या यजमानांना स्वादुपिंडाचा कॅन्सर झाल्याचे निदान झाले. केमोथेरपी सुरू झाली आणि उलट्यांनी त्यांना जेरीस आणले. नेहमीची औषधे देऊन झाली. गांजातल्या घटकाचे कृत्रिम रूप असलेल्या ड्रोनाबिनॉल नावाच्या कॅप्सूलही दिल्या, पण त्या पोटात टिकेनात. अखेर डॉक्टरांनी राज्याच्या वैद्यकीय कार्यक्रमात नाव नोंदवावे असे सुचवले. यजमान अमेरिकन नागरिक होते, त्यामुळे त्यांच्या कार्डाची अडचण नव्हती. अडचण होती ती त्यांच्यासाठी माल कोणी आणायचा याची, कारण त्यांना स्वतःला गाडी चालवणे शक्य नव्हते. रुग्णाच्या वतीने खरेदी करणाऱ्या माणसालाही केअरगिव्हर म्हणून राज्याकडे नोंद करावी लागते. ती नोंद साहजिकच पत्नी म्हणून माझी व्हायला हवी, असे सगळ्यांनी धरून ठेवले होते.

मी मात्र तेव्हा ग्रीन कार्डवर होते. सांगलीला आईवडील असेपर्यंत भारतीय पासपोर्ट सोडायचा नाही असे मी ठरवले होते आणि ते दोघेही गेल्यानंतर त्याच वर्षी नागरिकत्वाचा अर्ज भरला होता. यजमानांच्या कार्डाची कागदपत्रे घेऊन आम्ही आमच्या वकीलबाईंकडे गेलो, तेव्हा त्यांनी यूएससीआयएसने, म्हणजे नागरिकत्वाचे व इमिग्रेशनचे अर्ज पाहणाऱ्या सरकारी संस्थेने, एप्रिल २०१९ मध्ये काढलेली मार्गदर्शक सूचना आमच्यापुढे ठेवली. राज्याच्या कायद्यात बसणारा व्यवहार असला तरी फेडरल, म्हणजे केंद्रीय, कायद्याच्या दृष्टीने तो गुन्हा ठरत असेल, तर तो नागरिकत्वासाठी लागणाऱ्या सच्चारित्र्याच्या आड येऊ शकतो, असे त्या सूचनेत स्पष्ट म्हटले आहे. तीस ग्रॅम किंवा त्याहून कमी गांजा एकदाच जवळ बाळगल्याचा प्रकार तेवढा अपवाद धरला आहे. केमोथेरपी घेणाऱ्या माणसासाठी वारंवार खरेदी करणारी पत्नी त्या अपवादात बसत नाही.

म्हणून केअरगिव्हर म्हणून नोंद झाली ती आमच्या मुलाची. तो याच देशात जन्मला, तेव्हा कॉलेजात शिकत होता आणि कायद्याने सज्ञान होता. त्याने बोटांचे ठसे दिले, पार्श्वभूमीची तपासणी झाली, त्याच्या नावाचे कार्ड आले. दुकानातून येणारी पांढरी पिशवी तोच आणत असे आणि तिच्यावर त्याच्या वडिलांच्या नावाचे लेबल चिकटवलेले असे. आणलेला माल पत्र्याच्या पेटीत कुलूपबंद राही आणि किल्ली त्या दोघांकडेच असे. तोंडात विरघळणारी गोळी किती वाजता दिली, त्यानंतर उलटी झाली का, वरणभाताचे किती घास पोटात राहिले, हे तो एका वहीत लिहून ठेवी आणि पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांना दाखवी. उलट्या पूर्ण थांबल्या नाहीत, पण अन्न पोटात टिकू लागले आणि शेवटच्या महिन्यांत त्यांना आमच्याबरोबर टेबलाशी बसून जेवता आले.

यावर माझ्या मोठ्या दिरांनी पुण्याहून फोनवर मला सुनावले, 'आई असून पोराला गांजाच्या दुकानात धाडलेस आणि स्वतः मात्र नामानिराळी राहिलीस.' नात्यात ही गोष्ट आजही याच शब्दांत सांगितली जाते. माझे त्यांना सांगणे आहे की मी स्वतः गेले असते तर पत्नी पतीसाठी औषध आणते आहे, हे कायद्याने लक्षात घेतले नसते. ज्या घरात आधीच एक माणूस मृत्यूशी झुंजत होता, तिथे दुसऱ्याचा या देशात राहण्याचा हक्क पणाला लावणे हा शहाणपणा नव्हता. आमच्या घरात गांजाला कधी कोणी हात लावला नाही, असे ते अभिमानाने सांगतात. त्याच घरात सासूबाईंना जुलाबासाठी वैद्य जातीफलादी चूर्ण देत असत आणि भांग हा त्या चूर्णातला प्रमुख घटक आहे. ते औषध होते, तसेच हेही औषधच होते. पुढच्या वर्षी माझी मुलाखत झाली. शपथेवर प्रश्न विचारले गेले आणि मला एकही उत्तर फिरवून द्यावे लागले नाही. माझ्या मुलाने वडिलांसाठी जे केले त्याबद्दल मला लाज नाही, अभिमान आहे.

आता तुमच्या प्रश्नातला 'राज्याचीच परवानगी' हा भाग. १९७० च्या कंट्रोल्ड सबस्टन्सेस ॲक्टनुसार मारिजुआना हा फेडरल पातळीवर नियंत्रित पदार्थ आहे. कॅलिफोर्नियाने १९९६ साली वैद्यकीय वापर खुला केला, न्यू जर्सीने तसा कायदा जानेवारी २०१० मध्ये केला आणि येथे २१ एप्रिल २०२२ पासून २१ वर्षे पूर्ण झालेल्यांना विनाकार्ड विक्री सुरू झाली. तरी यांपैकी कशानेही फेडरल कायदा रद्द होत नाही. कॅलिफोर्नियातील रुग्णाने स्वतःच्या औषधासाठी घरी लावलेल्या झाडांवरही फेडरल सरकारला बंदी घालता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली गोन्झालेस विरुद्ध रेच या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी दिला. २०१४ पासून अर्थसंकल्पात एक कलम घातले जाते, ज्यामुळे न्याय खात्याला राज्यांच्या वैद्यकीय कार्यक्रमांत अडथळा आणण्यासाठी पैसा खर्च करता येत नाही, आणि पुष्कळ लोक त्यावरच विसंबून राहतात. पण यूएससीआयएस न्याय खात्याच्या नव्हे, होमलँड सिक्युरिटी या अंतर्गत सुरक्षेच्या खात्याच्या अखत्यारीत येते, म्हणून ते कलम तुमचे इमिग्रेशनच्या बाबतीत रक्षण करत नाही. मारिजुआना नियंत्रित पदार्थांच्या कमी कडक, तिसऱ्या वर्गात टाकण्याचा प्रस्ताव २०२४ मध्ये आला, त्यावरही भिस्त ठेवू नका, कारण तिसऱ्या वर्गातला पदार्थही नियंत्रितच असतो आणि इमिग्रेशनचा कायदा तेवढेच पाहतो.

कार्ड न काढता दुकानातून घेतले की नोंद होत नाही, असे सांगणारे स्नेही तुम्हाला महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात नक्की भेटतील. हा सल्ला धोक्याचा आहे. प्रश्न कार्डाचा नाही, कृत्याचा आहे. दोष सिद्ध झालेला नसतानाही अधिकाऱ्यासमोर अशा गुन्ह्याची कबुली दिल्यास प्रवेश नाकारला जाऊ शकतो आणि खोटे बोलल्यास त्याचे परिणाम त्याहून वाईट होतात. ग्रीन कार्डच्या वैद्यकीय तपासणीतही अमली पदार्थांच्या वापराविषयी विचारले जाते.

प्रक्रिया अवघड नाही. राज्याच्या कार्यक्रमात नोंदणी असलेला डॉक्टर तपासणी करून तुमचे नाव नोंदवतो आणि त्यानंतर तुम्ही राज्यातील वास्तव्याचा पुरावा देऊन स्वतःची नोंदणी करता. स्नायू व हाडांच्या विकारातून येणारी जुनाट वेदना पात्र आजारांच्या यादीत २०१८ पासून आहे, त्यामुळे तुमचे दुखणे कदाचित त्यात बसेल. कार्डधारकाला जुलै २०२२ पासून विक्रीकर लागत नाही आणि महिन्याला तीन औंसांपर्यंत खरेदी करता येते. आमच्या वेळी सुरुवातीला ही मर्यादा दोन औंसांची होती. डॉक्टर केवळ शिफारस करतो, नेहमीसारखे प्रिस्क्रिप्शन देत नाही, म्हणून विमा कंपनी त्याचे पैसे देत नाही. घरी झाड लावायला रुग्णालाही परवानगी नाही. माल घेऊन पेनसिल्व्हेनियात किंवा न्यू यॉर्कमध्ये जाणे हा फेडरल गुन्हा आहे, मग पुलाच्या दोन्ही टोकांना तो कायदेशीर का असेना.

मी वकील नाही, आणि आमचा प्रसंग कॅन्सरचा होता तर तुमचा कंबरेचा आहे, हे लक्षात ठेवूनच हे वाचा. तुम्ही नागरिक असता तर डॉक्टर म्हणतात तसे करा, एवढेच मी लिहिले असते. वर उल्लेखिलेले ड्रोनाबिनॉल फेडरल मान्यतेचे असून प्रिस्क्रिप्शनवर मिळते, पण त्याची मान्यता केमोथेरपीच्या मळमळीसाठी आणि एड्समध्ये मंदावलेली भूक वाढवण्यासाठी आहे, कंबरेसाठी नाही. फिजिओथेरपी आणि वेदनांच्या तज्ज्ञाचे इतर उपाय संपले आहेत का, हे तुम्ही लिहिलेले नाही. ते आधी पाहा. वकिलाकडे जाल तेव्हा यापूर्वी कधी सेवन केले असल्यास तेही त्यांना सांगा, कारण त्यांच्याशी झालेले बोलणे गोपनीय राहते आणि मुलाखतीत काय विचारले जाईल याची तयारी त्यांच्याशिवाय दुसरे कोणी करून देऊ शकत नाही. भारतात जाताना तर यातले काहीही सामानात नेऊ नका. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याने झाडाची पाने वगळली असली तरी गांजा, म्हणजे त्याचा फुलोरा, वगळलेला नाही, त्याचे तेल चरसाच्या व्याख्येत येते, आणि न्यू जर्सीचे कार्ड मुंबईच्या विमानतळावर कोणी ग्राह्य धरणार नाही.