आधी मोजून घे

नाशिक,
रविवार, रात्री

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

परवा तू घरी आलीस, काकूच्या हातून चमचा फरशीवर पडला आणि तू दोन्ही हातांनी टेबलाची कड धरलीस. मग हसून म्हणालीस, "काही नाही काका, होईल सवय." या सवय शब्दाचा मला फार राग आहे, म्हणून लिहायला बसलो.

शेजारच्या गाळ्यातला सिलिंडर फुटून आठ महिने झाले. हातपाय शाबूत आहेत, उजव्या कानात नुसती शीळ वाजते, दंडात काच राहिलीय. मग स्वतःला दिव्यांग म्हणायचं का, आणि दिव्यांगत्व मोजणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाने टक्के कमी दिले तर हसं होईल का, हा तुझा घोळ. होऊ दे हसं. 2016च्या कायद्याप्रमाणे बहुतेक सवलतींना 40 टक्के लागतात आणि एका कानावर तिथवर पोचणं अवघड आहे. तरी मोजून घे.

माझे वडील 14 एप्रिल 1944ला मुंबईच्या गोदीत हमाल होते. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाज लागलेलं, पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे 1,400 टन दारूगोळा. गाठी दुपारपासून धुमसत होत्या. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट, अर्ध्या तासात दुसरा. त्या जहाजातल्या सोन्याच्या विटांच्या गोष्टी तू ऐकल्या असशील, सगळेच चवीने सांगतात. मेलेले मात्र कुठे 800, कुठे 1,300. आणि कानाचे पडदे फाटून पायी खोलीवर गेलेले माझे वडील कुठल्याच वहीत नाहीत.

ते नाशिकला आले, तांबट लेनमध्ये भांडी ठोकू लागले. मालक खूश, या माणसाला आवाजाचा त्रासच नाही! आम्ही पोरं त्यांना तिरसट म्हणायचो. सोळाव्या वर्षी मी एकदा त्यांच्यावर ओरडलो, "किती वेळा सांगायचं तुम्हाला?" ते माझ्या ओठांकडे बघत मान हलवत राहिले. पुढे मला नोकरी लागली, चार पैसे आले, तरी त्यांचा कान दाखवायला मी त्यांना कुठे नेलं नाही.

कॅनडातल्या हॅलिफॅक्सला डिसेंबर 1917मध्ये जळतं जहाज बघायला लोक खिडक्यांशी उभे राहिले, जहाज फुटलं आणि काचा डोळ्यांत गेल्या. तिथे कुणीतरी बसून मोजलं. डोळ्यांच्या 5,900 जखमा, 41 जणांची दृष्टी कायमची गेली. पुढच्याच वर्षी कॅनडात अंधांसाठी देशभराची संस्था उभी राहिली. युद्धातून आंधळे होऊन परतलेले सैनिक होतेच, पण हॅलिफॅक्सचेही होते. बैरूतला ऑगस्ट 2020मध्ये 2,750 टन अमोनियम नायट्रेट उडालं, तेव्हाही माणसं आग बघत खिडकीतच होती. जखमी किती? सात हजारांच्या आसपास. मला हे 'आसपास' खुपतं.

तर मोजून घे. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, कर आणि डॉक्टरांना 'स्फोटानंतर' हा शब्द तारखेसकट लिहायला सांग. नुसतं 'कमी ऐकू येतं' लिहिलेला कागद पुढे काही बोलत नाही. वर्षाने पुन्हा कर, कान आहे तिथेच राहील असं नाही. दंडाचा एक्स-रे काढ, काच वर्षांनंतरही सरकून कातडीखाली येते. झोपेत दचकतेस तेही सांग. त्यात लाज कसली? लाजायचं असेल तर मी लाजावं. 1983मध्ये सातपूरच्या कारखान्यात प्रेस मशीनखाली माझी दोन बोटं गेली. साहेबांनी चहा पाजला, खांद्यावर हात ठेवला आणि 'माझ्याच चुकीने' लिहिलेल्या कागदावर मी डाव्या हाताने सही केली. हात वाचवणारा मशीनचा गार्ड काढून ठेवलेला होता, हे त्या कागदात नव्हतं. मी लिहायला लावलं नाही.

काकू म्हणते मला लोकांच्या फायलींचं वेड लागलंय. मुलगा म्हणतो, आजोबांचं राहून गेलं ते बाबा दुसऱ्यांचं करून फेडतात. असेल तसं. कुणी तरी फेडायलाच हवं ना? रागावलो असेन तर माफ कर, पण 'बघू पुढे' म्हणू नकोस, ते मी चाळीस वर्षं म्हणत होतो.

बुधवारी सकाळी नऊला सीबीएस बसस्थानकाच्या रिक्षा स्टँडवर थांबतो. आधार, जुने रिपोर्ट आणि अपघाताच्या दिवशीचा दवाखान्याचा कागद आण, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. मी तुझ्या डाव्या बाजूने चालेन.

तुझा,
काका