बार्सिलोना पर्यटकांचं इतकं लाडकं शहर कशामुळे झालं?

सगळ्यात मोठं कारण १९९२चं ऑलिंपिक, कारण त्या निमित्तानं बार्सिलोनाला स्वतःचा समुद्र परत मिळाला. तोवर शहराच्या पोब्लेनोउ या भागातल्या किनाऱ्यावर कारखाने, गोदामं आणि रेल्वेचे रूळ होते. ते हटवून तिथे वाळूचे किनारे आणि फिरायला लांबलचक रस्ता केला, आणि मुख्य म्हणजे खेळ संपल्यावरही ते लोकांसाठी खुले राहिले. नगररचनेच्या अभ्यासात हे ‘बार्सिलोना मॉडेल’ म्हणून शिकवतात.

पण नुसत्या किनाऱ्यावर भागलं नसतं, दाखवायला मुळातलं शहरही तितकंच देखणं होतं:

- एकोणिसाव्या शतकात इल्देफोन्स सेर्दानं आखलेला एशांपला भाग. इमारतींचे कोपरे तिरके कापलेले, त्यामुळे प्रत्येक चौक अष्टकोनी, मोकळा, उजेडाचा.
- वास्तुविशारद गाउदीचं साग्रादा फामिलिया. १८८२ला सुरू झालेल्या या चर्चमध्ये सकाळी पूर्वेच्या काचांतून निळा-हिरवा उजेड पडतो, संध्याकाळी पश्चिमेकडून लाल-केशरी. वेळ काढून बसावं असं आहे ते!

मात्र या यशाची किंमत स्थानिक माणूस वाढत्या घरभाड्यातून मोजतोय. म्हणूनच २०२८च्या अखेरीपर्यंत पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या फ्लॅटचे परवाने बंद करण्याचं महापालिकेनं २०२४मध्ये जाहीर केलं.