निसर्गात सगळेच स्वार्थी, मग दुसऱ्याला मदत करणारे जीव टिकले कसे?

प्रश्नाखाली तुम्ही जे जोडलंय ना, 'म्हणजे आपण नातेवाइकांचं करतो तोही जीन्सचा स्वार्थच का', ते वाचून लिहायला बसले, नाहीतर मी इथे फक्त वाचते.

हेच मला माझ्या चुलतभावाने ऐकवलंय, भर लग्नात, पंगतीला शेजारी बसून. माझा सख्खा भाऊ आणि वहिनी दोघांची शिफ्टची नोकरी, त्यांची दोन्ही पोरं मी सांभाळली, पुण्यात सहकारनगरच्या घरात, डबे, तापाच्या रात्री, दहावीचे क्लास सगळं, आणि मी लग्न केलं नाही. तर हा म्हणतो, 'भाच्यांमध्ये तुझे पंचवीस टक्के जीन्स आहेतच की, तू कुठे उपकार केलेस, निसर्गाने करून घेतलं.' माझा जिलबीचा घास हातातच राहिला.

आता गणित त्याचं बरोबर आहे. हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये तेच मांडलं, समोरच्याचा फायदा गुणिले नातं (म्हणजे दोघांत किती जीन्स सारखे) हे मदत करणाऱ्याच्या तोट्यापेक्षा जास्त भरलं की तसं वागायला लावणारे जीन्स पसरतात. नातं नसेल तिथे ट्रिव्हर्स या दुसऱ्या जीवशास्त्रज्ञाचं १९७१ चं, आज मी तुला उद्या तू मला. रक्त पिणारी वटवाघळं लागोपाठ दोन-तीन रात्री उपाशी राहिली की मरतात, म्हणून पोट भरलेलं वटवाघूळ उपाशी सोबत्याला रक्त ओकून देतं, नात्यातल्याला आणि रोजच्या शेजाऱ्यालाही, विल्किन्सन नावाच्या संशोधकाने कोस्टा रिकात बघून १९८४ मध्ये छापलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं एवढंच.

पण हा हिशोब उत्क्रांतीचा, त्या जिवाच्या डोक्यातला नाही, आणि इथेच लोक घोळ घालतात. आमच्या तळजईच्या टेकडीवर सातभाई पक्षी बघा. त्यांच्यात पिल्लांना नुसते आईबाप नाही, थव्यातले बाकीचेही भरवतात. एका पावसाळ्यात मी पावशाचं पिल्लू बघितलं, छातीवर तपकिरी रेघा, सातभाईसारखं काहीसुद्धा नाही, सारखं ओरडत होतं आणि दोन सातभाई आळीपाळीने त्या उघड्या चोचीत अळ्या कोंबत होते. पावशा त्यांच्या घरट्यात अंडं घालून मोकळा झालेला. तिथे कुठले पंचवीस टक्के? भुकेलं तोंड दिसलं की भरवायचं, एवढंच त्या पक्ष्यात उतरलंय.

आमच्याकडे शेजारची एक पोरगी शाळा सुटली की यायची, सहा वर्षं, आई रात्री आठला घरी. वरणभातावर तूप जास्त लागायचं तिला. तिचं माझं काहीच नातं नाही, आणि ताट वाढताना भाच्यांचं वेगळं आणि तिचं वेगळं असं माझ्या हाताने कधी केलं नाही. डोळा का तयार झाला आणि तू आत्ता काय बघतोयस, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवून माणसाचं केलेलं पुसून टाकायचं हा निव्वळ आळस आहे.

आणि नात्याची टक्केवारी तरी कुठे पुरते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकरांनी गांधीलमाश्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्या जातीत राणी अनेक नरांशी जुगते, त्यामुळे बहिणींचं नातं पातळ होतं, कामकरी माशी वेगळं पोळंही काढू शकते, तरी बऱ्याच राहतात. कारण एकटी मधेच मेली तर तिची पिल्लं गेलीच, पोळ्यात राहिली तर तिने अर्धवट सोडलेलं दुसरी पुरं करते.

हां, सातभाई फसले होते, माणसाची माया म्हणजे तशीच चूक असं मी म्हणत नाही. आणि हॅमिल्टनवरही वाद आहेच, २०१० मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात जीवशास्त्रज्ञ विल्सन आणि आणखी दोघांनी आक्षेप घेतला, पुढच्या वर्षी शंभरावर शास्त्रज्ञांनी मिळून त्यांना उत्तर दिलं.

तुम्हाला हे कुणी तोंडावर ऐकवलं असेल तर माझ्यासारखं गप्प बसू नका. पुढच्या महिन्यात त्याच चुलतभावाच्या मुलीचं लग्न आहे, शेजारची ती पोरगीपण येणार आहे माझ्यासोबत, पंगतीला मी तिच्या आणि चुलतभावाच्या मधे बसणार आहे.