दगडाखालचा काळा कोळी
वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, दगड उचलला तर खाली पांढऱ्या रेशमी पिशवीत जेमतेम सात मिलिमीटरचा काळा कुळकुळीत कोळी बसलेला होता. शेकडो फोटो चाळले, एकही जुळत नाही. आमच्या सरांच्या मते तो नॅफोसिडी कुळातला, म्हणजे जमिनीवरचा कोळी आहे. ही नवी प्रजाती असू शकते का? असेल तर पुढे काय करायचं? (प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी)

असू शकते. पण फोटो जुळले नाहीत एवढ्यावरून काहीच ठरत नाही. या कुळात दोन हजारांहून जास्त प्रजातींची नोंद आहे आणि त्यातल्या कितीतरी प्रजातींचा जिवंतपणीचा फोटो कोणी काढलेलाच नाही. त्यांची ओळख आहे ती जुन्या लेखातल्या दोन-चार रेखाचित्रांत आणि संग्रहालयातल्या एखाद्या बाटलीत.

आधी कूळ पक्कं करू. पोटाच्या शेवटी जिथून धागा निघतो तिथे भिंगातून पाहा. पुढची दोन नळकांडी सरळ, गोल आणि एकमेकांपासून फटकून उभी दिसली, तर सरांचं म्हणणं बरोबर असण्याची शक्यता मोठी. या नळकांड्यांतून जाडसर, चिकट धागा निघतो. कोळी भक्ष्याभोवती पळत पळत त्याचे पाय या धाग्याने जखडून टाकतो. २०१७मध्ये या शिकारीवर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला, तो जरूर वाचा. मग डोळे पाहा. मागच्या ओळीतले मधले दोन बऱ्याचदा गोल नसतात, लांबट आणि तिरपे असतात. याच कुळातल्या ड्रॅसोडेस क्युप्रियस या प्रजातीत हे डोळे चित्र पाहण्याच्या कामाचे नाहीतच. मावळतीनंतर आकाशातल्या ध्रुवीकृत, म्हणजे ज्याच्या लहरी एकाच दिशेत हलतात अशा, प्रकाशावरून दिशा ओळखून घरी परतायला ते उपयोगी पडतात, हे १९९९मध्ये दाखवून दिलं गेलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ मायक्रोस्कोपखालच्या त्या दोन तिरप्या डोळ्यांकडे बघत राहिले होते.

आता तुमच्या कोळ्याचं वय. नर असेल तर तोंडाजवळच्या दोन आखूड पायांची, म्हणजे पॅल्पची, टोकं आवळलेल्या मुठीसारखी फुगलेली दिसतील. मादी असेल तर पोटाच्या खालच्या बाजूला एपिजाइन ही घट्ट, तपकिरी चकती दिसेल. दोन्हीपैकी काही नसेल तर पिल्लू आहे, आणि पिल्लावरून प्रजाती सांगणं बहुधा जमत नाही. मग त्याला डबीत ठेवा, पाण्याचा ओलावा द्या, बारीक किडे द्या आणि शेवटची कात टाकेपर्यंत थांबा.

एवढी थांबायची गरज अशासाठी की या कुळात रंग फार कमी सांगतो. झेलोटेस या जीनसचंच, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटाचंच, पाहा. एकापेक्षा एक काळ्या प्रजाती, वरून पाहिल्यावर जुळी भावंडं वाटावीत अशा. फरक असतो तो नराच्या पॅल्पवरच्या काट्यांच्या आकारात आणि मादीच्या एपिजाइनच्या आतल्या नळ्यांच्या वळणांत. ती चकती अगदी बारीक सुईने सोडवून घ्यायची, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात पारदर्शक होईपर्यंत ठेवायची आणि मग चित्र काढायचं. चित्र स्वतः काढा. हात कागदावर फिरत असताना डोळ्यांना जे दिसतं ते नुसत्या फोटोत निसटतं.

इथे माझा अनुभव सांगते. एका नराच्या पॅल्पवरचा एम्बोलस, म्हणजे शुक्राणू पोहोचवणारा काटा, जुन्या चित्रात आखूड होता आणि माझ्या नमुन्यात चांगला लांब. नवी प्रजाती म्हणून मी आठ महिने लेखावर काम केलं. शेवटी मूळ होलोटाइप, म्हणजे ज्या एका नमुन्यावर नाव दिलं गेलं तोच, अभ्यासासाठी उसना मिळाला. काचेच्या बशीत बारीक वाळू, वर अल्कोहोल, वाळूत टेकवलेला पॅल्प. चित्रातल्यासारखा ठेवला तेव्हा काटा आखूडच दिसला. चिमट्याने मी तो किंचित फिरवला. काटा हळूहळू लांब होत गेला आणि अगदी माझ्या नमुन्यासारखा दिसू लागला. जुन्या चित्रकाराने तो जरा वेगळ्या कोनातून पाहिला होता, एवढंच. लेख मी मागे घेतला. तेव्हापासून मूळ नमुना पाहिल्याशिवाय, निदान त्याचे वेगवेगळ्या कोनांतले फोटो मागवल्याशिवाय, मी कोणत्याही प्रजातीला नवी म्हणत नाही. तुम्हीही म्हणू नका.

दुसरा घोळ नर-मादीचा. जमिनीत काठोकाठ पुरलेल्या पेल्यांत हे कोळी पडतात, पण विणीच्या काळात भटकणारे नरच त्यात जास्त सापडतात. माद्या दगडाखाली आपल्या पिशवीत. त्यामुळे एकाने नराचं वर्णन करायचं, दुसऱ्याने पंचवीस वर्षांनी मादीचं, आणि एकाच प्रजातीला दोन नावं पडायची, असं होऊ शकतं. तुमच्या दगडाच्या आसपास दुसऱ्या लिंगाचा कोळी मिळतो का, हे शोधणं म्हणूनच सगळ्यात मोलाचं काम आहे.

वाचनासाठी वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग, म्हणजे जगभरातल्या कोळ्यांच्या प्रजातींची इंटरनेटवरची यादी. अमेरिकी कोळी-अभ्यासक नॉर्मन प्लॅटनिक यांनी तो उभा केला, २०१४पासून तो बर्नच्या निसर्गेतिहास संग्रहालयाकडे आहे. नोंदणी केली की जुने लेखही मोफत वाचता येतात. प्लॅटनिक आणि मोहम्मद शादाब यांनी १९७० आणि १९८०च्या दशकांत या कुळातल्या अमेरिकी जीनसांचा एकेक करून आढावा घेतला. वर्णन कसं लिहायचं ते त्यांच्याकडून शिका. कुठल्याही अलंकाराशिवाय, पण एकही काटा न सोडता.

प्रश्न : डीएनए आणि उत्तम कॅमेरे असताना कोळी मारून बाटलीत ठेवायची गरज आहे का? मला हे पटत नाही. (निवृत्त शिक्षक)

सर, मलाही दरवेळी जड जातं, आणि म्हणूनच लागतील तेवढेच नमुने घ्यावेत असं माझं ठाम मत आहे. पण डीएनए 'हे दोघे वेगळे आहेत' एवढं सांगतो. त्या दोघांपैकी जुनं नाव कोणाचं, हे ठरतं होलोटाइपशी ताडून. वरच्या उत्तरातला माझा गोंधळ सुटला तोही कोणीतरी तो पॅल्प इतकी वर्षं जपून ठेवला होता म्हणून. नुसता फोटो असता तर तो मला फिरवता आला नसता. मी एक पाय डीएनएसाठी कडक अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवते, बाकी शरीर सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये, कारण कडक अल्कोहोलमध्ये ते ठिसूळ होतं. आणि चिठ्ठी बाटलीच्या आत, पेन्सिलीने लिहिलेली. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. ठिकाण आणि तारीख पुसली गेली तर त्या कोळ्याचा जीव खरोखर वाया गेला.

प्रश्न : मी नवीन कोळी शोधला तर त्याला माझ्या आजीचं नाव देता येईल का? (इयत्ता नववी)

येईल, आणि आजीला किती आनंद होईल! नाव दोन शब्दांचं असतं. पहिला शब्द जीनसचा, तो ठरलेला. दुसरा तू द्यायचास. बाईचं नाव असेल तर शेवटी लॅटिन पद्धतीने 'ए' असा प्रत्यय लागतो, पुरुषाचं असेल तर 'आय'. घरात आढळणाऱ्या स्कोटोफियस ब्लॅकवॉलाय या कोळ्याचं नाव जॉन ब्लॅकवॉल या इंग्रज अभ्यासकावरून असंच पडलं. स्वतःचं नाव द्यायला नियमात सरळ मनाई नाही, पण अभ्यासक तसं करत नाहीत.

एक गंमत सांगते. बाकी सगळ्या प्राण्यांची शास्त्रीय नावं १७५८पासून मोजतात, पण कोळ्यांची १७५७पासून. कार्ल क्लेर्क या स्वीडिश अभ्यासकाचं कोळ्यांवरचं पुस्तक, दोन शब्दांच्या नावांची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसच्या प्राण्यांच्या यादीच्या वर्षभर आधी छापलं गेलं होतं, म्हणून नियमांत त्याला खास जागा दिली आहे.

आता कामाचं. वही घे. दगड उचललास की खाली काय होतं ते लिही, तारीख लिही, आणि दगड होता तसाच, त्याच बाजूने परत ठेव. खाली कुणाची तरी पिशवी असते.