फ्लशच्या टाकीवर कंपनीचं नावच नाही, आतला पार्ट कसा शोधायचा?

तुम्ही लिहिलंय की कमोडमध्ये सतत पाणी झिरपतंय, टाकी जुनी आहे, नाव पुसलं गेलंय आणि प्लंबर म्हणतो टाकीच बदला. थांबा जरा. बहुतेक वेळा बदलावा लागतो तो फक्त एक रबरी वॉशर.

आधी दोषी कोण ते ठरवा. टाकी भरली की आतून पेन्सिलने पाण्याच्या पातळीवर रेघ मारा, अँगल कॉक (टाकीत पाणी सोडणारा भिंतीवरचा छोटा नळ) बंद करा आणि अर्ध्या तासाने बघा. पाणी उतरलं असेल तर तळाचा फ्लश व्हॉल्व्ह, म्हणजे त्याचं रबर, गेलंय. पाणी रेघेवरच आहे, पण कॉक उघडला की ओव्हरफ्लोच्या नळीत (जादा पाणी कमोडमध्ये सोडणाऱ्या उभ्या नळीत) पडतंय, तर बॉलकॉकचा, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या व्हॉल्व्हचा, दोष.

मी हे न करताच अंदाजाने अख्खा बॉलकॉक आणला होता. घरी येऊन बघतो तर माझ्या टाकीला पाणी खालून येतं आणि आणलेला बाजूने जोडायचा! गळत होतं ते तळाचं रबर, ते वेगळंच.

म्हणून जुना पार्ट काढून सोबतच न्या. ड्युअल फ्लशचा (दोन बटणांच्या फ्लशचा) मधला भाग बहुतेक टाक्यांत पाव फेरा डावीकडे फिरवला की हातात येतो, त्याच्या बुडाशी ते रबर असतं. त्याचा बाहेरचा आणि आतला व्यास मिलिमीटरमध्ये मोजा. जुनं रबर फुगलेलं असतं, म्हणून ते ज्या खाचेत बसतं तीही मोजा. बॉलकॉकसाठी पाणी खालून येतं की बाजूने, आटे किती इंची (अर्धा इंच सर्रास असतो) आणि टाकीची आतली उंची, एवढं पुरतं. ही मापं जुळली की कंपनी वेगळी असली तरी अडत नाही.

नाव हवंच असेल तर झाकण उलटं करून बघा, किंवा टाकीच्या आतल्या मागच्या भिंतीवर. चिनी मातीत उमटवलेला नंबर तिथे पुष्कळदा सापडतो.

रबर नुसतं क्षाराने खरबरीत झालं असेल तर व्हिनेगरमध्ये बुडवून, पुसून, उलटं बसवून बघा. माझं वर्षभर तसंच चाललं.

फक्त टाकी भिंतीत लपवलेली असेल तर हे मापांचं गणित चालत नाही. तिथे पार्ट त्याच कंपनीचा लागतो. बटणाची पट्टी काढून मागे नाव शोधा.