‘झिंगाट’च्या चालीवर, धर्तीवर की ‘झिंगाट’वर आधारित?

प्रश्न असा आला आहे. सोसायटीच्या गणेशोत्सवात बायका-मुलांच्या गटानं म्हणायला एका ताईंनी गाणं लिहिलंय. शब्द सगळे नवे, पण म्हणायचं ‘झिंगाट’सारखं. पत्रिकेत काय छापायचं: ‘झिंगाटच्या चालीवर’, ‘झिंगाटच्या धर्तीवर’ की ‘झिंगाटवर आधारित’? शिवाय एक जोडप्रश्न आहे. त्यांच्या घरी संगीत नाटकाचं एक जुनं पुस्तक आहे. त्यात पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून पुढे भलत्याच गाण्याची ओळ दिलेली असते. त्या विचारतात, म्हणजे ही मंडळी दुसऱ्यांच्या चाली उचलायची आणि वर तसं छापायचीसुद्धा?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात संपतं: ‘चालीवर’. बाकीच्या दोघांकडे शेवटी येतो. खरी मजा जोडप्रश्नात आहे.

चालणे या क्रियापदाची ही चाल मराठीत फार ठिकाणी फिरून आलेली आहे. माणसाची चाल, घोड्याची चाल, बुद्धिबळातल्या उंटाची चाल, शत्रूवर केलेली चाल, घराण्यात पडलेली चाल आणि तिच्या जोडीची रीत. गाण्याची चाल याच कुळातली. शब्द कुठे रेंगाळतात, कुठे झपझप जातात, कुठे उडी घेतात आणि पुन्हा धृपदाशी कसे येऊन टेकतात, हे ती सांगते. म्हणून चाल म्हणजे राग नाही (एकाच यमनात शेकडो चाली आहेत) आणि ताल तर नाहीच. पोवाड्याच्या छापील प्रतीत मधूनच दोन दंडांमध्ये नुसतं ‘चाल’ लिहिलेलं दिसतं. तिथे दुसऱ्या गाण्याचा संबंध नसतो, शाहिरानं इथून गाण्याची ढब बदलायची एवढीच ती खूण. (आणि नर्तकीच्या पायातले ते चाळ. हा ‘ळ’ वेगळा, तो इथे आणू नका. दरवेळी कुणीतरी आणतंच.)

आता नाटकाचं पुस्तक. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला. पारशी नाटक मंडळीचा संगीत खेळ पाहून त्यांना हे सुचलं असं सांगतात. म्हणजे मुळातच हे नाटक त्या काळच्या लोकप्रिय करमणुकीकडे बघून उभं राहिलं. कथा कालिदासाची, पण पदांना चाली कुठून आणायच्या? अण्णासाहेब बेळगाव भागातले. कानडी गाण्यांच्या चाली त्यांच्या कानात होत्या. कीर्तनातली साकी-दिंडी होती, लावण्या होत्या, बायकांची गाणी होती. लोकांच्या तोंडी जे होतं ते त्यांनी घेतलं, त्यावर शकुंतलेचे शब्द घातले आणि पुस्तक छापताना पदावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याची ओळ टाकली.

ती ओळ कशासाठी, तर ती त्यांची स्वरलिपी होती, म्हणजे सूर कागदावर लिहायची पद्धत. भातखंडे-पलुस्करांच्या स्वरलिप्या पुढे विसाव्या शतकात रुळल्या, आणि त्या तरी आज किती घरांत वाचता येतात? १८८०च्या सुमाराला नगर-सोलापूरकडच्या एखाद्या हौशी मंडळीनं पुस्तक विकत घेतलं, तर त्यातलं पद गायचं कसं हे कागदावर सांगायची एकच सोय होती: सगळ्यांना येतं अशा गाण्याचं नाव घेणं. म्हणजे ‘ते येतं ना? मग हेही येईल.’ ध्वनिमुद्रण नाही, रेडिओ नाही, तरी चाल पोस्टानं पाठवता येत होती. मूळ गाणं लोकप्रिय असणं हीच तिची अट. कुणाला ठाऊक नसलेल्या गाण्याची ओळ वर छापून उपयोग शून्य.

त्यात श्रेयही आपोआप दिलं जायचं, पण श्रेय द्यायचं म्हणून ती ओळ छापली जात नव्हती. तेव्हा चोरी म्हणायची तर ही अशी चोरी, जिच्यात माल कुठून आणला हे दारावर लिहिलेलं. मला ते उचलेगिरीत धरता येत नाही.

याला एक गंमतीदार शेवटही आहे. पदं इतकी गाजली की मूळ गाणीच विस्मरणात गेली. आज त्या ‘चाल’ ओळी वाचल्या तर बहुतेकांना काहीच आठवत नाही. उलट पदाच्या आठवणीवरून मूळ गाणं कसं असेल याचा अंदाज करावा लागतो. पुढे अण्णासाहेबांच्याच ‘सौभद्र’ नाटकातली पदं इतरांच्या गाण्यांवर ‘चाल’ म्हणून छापली जाऊ लागली. उसनी घेणाऱ्यांकडेच लोक उसनं मागायला आले.

काही मूळ गाण्यांची मात्र फक्त नावं उरली, आणि ती वेगळ्याच जागी. कवी माधव जूलियनांनी ‘छंदोरचना’ या वृत्तांवरच्या ग्रंथात मात्रांच्या जाती (म्हणजे मात्रा मोजून बसवलेली वृत्तं) लावताना कित्येकींना लोकप्रिय गाण्यांवरूनच नावं दिली. ‘उद्धवा शांतवन कर जा’ यावरून उद्धव जाती, ‘चंद्रकांत राजाची कन्या’ यावरून चंद्रकांत जाती. व्याकरणाच्या पुस्तकात ही नावं पाठ करताना आपल्याला वाटतं, असेल काहीतरी संस्कृत. प्रत्यक्षात ते आजोबा-पणजोबांच्या काळातलं ‘झिंगाट’ आहे.

उद्धव जरा जवळून बघू, कारण ‘चालीत बसणं’ म्हणजे काय ते इथे बोटांवर मोजता येतं. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूची दोन. उद् (२), मग धवा शांतवन (८), मग कर जा (४). एकूण चौदा. पुढची ओळ ‘त्या गोकुळवासि जनांचे’: त्या (२), गोकुळवासि ज (८), नांचे (४). पुन्हा चौदा. आता गोविंदाग्रजांची शाळेत ऐकलेली ओळ घ्या, ‘राजहंस माझा निजला’: रा (२), जहंस माझा (८), निजला (४). चौदाच. त्याआधीची ‘हें कोण बोललें बोला’ही तशीच. एक येत असेल तर दुसरी आपोआप गुणगुणता येते. विषय मात्र बघा: एकात गोपींचं सांत्वन करायला निघालेला उद्धव, दुसऱ्यात मूल गेलंय हे मान्यच न करणारी आई. चालीचा भावाशी काही संबंध नसतो असं मी म्हणणार नाही, पण जेवढा आपण समजतो तेवढा तो घट्ट नसतो. दोन मात्रांवर थबकून मग पुढे जाण्याची ती लकब हुंदक्यालाही चालते आणि निरोपालाही.

तुमच्या ‘झिंगाट’च्या शब्दांनाही हीच कसोटी लावा. अर्थ कितीही चांगला असू दे, मूळ ओळीत जिथे जोर पडतो तिथे तुमच्याकडे ‘ची’ किंवा ‘ला’ आला की गटातली मुलं तिथेच अडखळणार.

नाटकापाशीच हे थांबलं नाही. गणपतीचे मेळे सुरू झाले तेव्हा मेळ्यांची पदं नाटकातल्या गाजलेल्या पदांच्या चालींवर रचली जायची, आणि त्यांच्या छोट्या पुस्तिकांवरही तीच ‘चाल’ची ओळ असायची. सत्यशोधक जलशांनी आणि नंतर आंबेडकरी जलशांनी हेच हत्यार अधिक धारदार केलं. आंबेडकरी शाहीर वामनदादा कर्डकांनी १९४३ साली आपलं पहिलं गाणं रचलं, तेच मुळी एका हिंदी सिनेगीताच्या चालीवर. कारण सरळ आहे. वस्तीत दिवसभर राबून आलेल्या माणसांना संध्याकाळी नवी चाल शिकवायला वेळ कुणाकडे आहे? चाल आधीच येत असली की सगळं लक्ष शब्दांवर राहतं, आणि जलशाला शब्दच पोचवायचे असतात. सिनेमानं चाल फुकट शिकवून ठेवलेली, शाहिरानं तिच्यावर आपला निरोप चढवला. रत्नागिरीकडचे शक्ती-तुऱ्याचे शाहीर, सिंधुदुर्गातल्या डबलबारीचे (दोन भजनी मंडळांच्या सामन्याचे) बुवा आजही तेच करतात. बुवानं गजर सुरू केला की दुसऱ्या ओळीला प्रेक्षकांत खसखस पिकते, मूळ गाणं ओळखल्याची. ती ओळख पटणं हाही खेळाचाच भाग असतो.

उलटी वाहतूकही तितकीच. १९७३च्या ‘बॉबी’त ‘घे घे घे रे साहिबा’ ऐकून अख्खा देश नाचला. गोव्यात मात्र लोकांनी कान टवकारले, कारण ती तर त्यांची ‘हांव सायबा पलतडी वयतां’ ही देखणी (गोव्यातला गाण्या-नाचाचा एक प्रकार). लोकांची चाल सिनेमात जाते, तिथून ती वरातीच्या बँडवर येते, तिथून एखाद्या भजनी मंडळात. मधल्या कुठल्या मुक्कामावर तिचं मूळ गाव विसरलं जातं, एवढंच.

मग ‘चाल उचलली’, ‘चाल ढापली’ ही भाषा कधी आली? माझ्या समजुतीप्रमाणे यामागे दोन गोष्टी आहेत. एक, चाल करणारा स्वतंत्र माणूस दिसू लागला. १९११ सालच्या ‘मानापमान’ नाटकासाठी गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या आणि खाडिलकरांनी त्यांवर पदं लिहिली. चाली ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या, उत्तरेकडच्या गाण्यावरून घेतलेल्या, पण लोक म्हणू लागले ‘टेंब्यांच्या चाली’. दोन, ग्रामोफोनची तबकडी आली. चाल ऐकवता येऊ लागल्यावर ती शेजारच्या गाण्याचं नाव घेऊन सांगायची गरज उरली नाही. गरज गेली तशी पदावरची ती ओळही गेली. आणि ओळ गेल्यावर तीच कृती लपवाछपवीची दिसायला लागली. कायद्यानं तर आता चाल ही मालकीची वस्तू आहेच.

शब्दाचा अर्थही तेव्हा हळूच सरकला. पूर्वी ‘चालीवर लिहिलं’ म्हणजे दुसऱ्या गाण्याच्या चालीवर. आज एखादा गीतकार मुलाखतीत ‘हे चालीवर लिहिलंय’ म्हणतो तेव्हा त्याला सांगायचं असतं की संगीतकारानं नवी चाल आधी दिली, शब्द मागून आले. याच्या उलट ‘चाल लावली’. शब्द आधी असले की चाल लावायची. ‘गीतरामायणा’तली ५६ गाणी माडगूळकरांनी लिहिली आणि फडक्यांनी त्यांना चाली लावल्या, असंच आपण म्हणतो. तिथे ‘माडगूळकरांनी चालीवर लिहिलं’ म्हणून बघा, कान लगेच तक्रार करतो.

आता तुमचे उरलेले दोन पर्याय. ‘धर्तीवर’ हा शब्द ढाच्यासाठी आहे. हिंदीतल्या ‘तर्ज पर’च्या जागी मराठी वर्तमानपत्रांत येणारं ‘धर्तीवर’ योजना-कायद्यांना छान लागतं: अमक्या राज्याच्या धर्तीवर तमकी योजना. हिंदीत ‘तर्ज’ गाण्यालाही चालतो आणि योजनेलाही, मराठीनं ही दोन कामं दोन शब्दांत वाटून घेतली आहेत. ‘झिंगाटच्या धर्तीवर गाणं’ म्हटलं तर मला वाटेल की तशाच उडत्या ठेक्याचं, पण चाल वेगळी असलेलं काहीतरी असणार.

‘आधारित’ कथेला लावा. कादंबरीवर आधारित नाटक, सत्यघटनेवर आधारित चित्रपट. मला त्यापेक्षा ‘बेतलेलं’ जास्त आवडतं. शिंपी माप घेऊन कापड बेततो, तसं गोष्ट नव्या अंगाला बेतलेली. ‘आधारित’ला तो हात लागलेला नाही, तो सरळ सरकारी नस्तीतून आल्यासारखा वाटतो.

आणि कुणी तुम्हाला ‘विडंबन’ सुचवेल, तेही नको. विडंबनात मूळ रचनेची थट्टा असते. अत्र्यांनी केशवकुमार या नावानं ‘झेंडूची फुले’ लिहिली, ती तशी. बोलताना लोक चालीवरच्या कुठल्याही गाण्याला विडंबन म्हणतात, वामनदादांच्या त्या पहिल्या गाण्यालाही म्हटलं गेलंय. पण तुम्ही ‘झिंगाट’ची टर उडवत नाही आहात, त्याच्या पाठीवर बसून बाप्पाकडे निघाला आहात.

पत्रिकेत असं छापा: गाण्याचं नाव, खाली ‘शब्द’ म्हणून तुमचं नाव, आणि त्याखाली ‘चाल: झिंगाट (सैराट, २०१६), संगीत अजय-अतुल’. ‘गीत-संगीत’ अशी जोडगोळी करून दोन्हीपुढे स्वतःचं नाव घालायचा मोह मात्र टाळा. आणि गाणं ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवर चढवणार असाल, तर चालीच्या परवानगीचं आधी विचारून घ्या. मंडपात म्हणणं आणि ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करणं यांत फरक आहे.